सटवाजीनं न दिलेला अंगठा

सांबर मेलं होतं, त्याबद्दल कुणाचा वाद नव्हता. त्याला गोळी कुठं लागली, यावर सगळं अडलं होतं.

भोकरच्या पुढं आमच्या रेंजमध्ये दोन ब्लॉक एकमेकांना लागून होते. मधल्या हद्दीवर दर थोड्या अंतरानं चुना फासलेले मुनारे. मुनारा म्हणजे दगडांचा कमरेएवढा ढीग. अलीकडच्या ब्लॉकात सरकारी परवाना घेऊन शिकार करता येई. पलीकडचा ब्लॉक ‘महफूज’, म्हणजे आजच्या भाषेत राखीव. तिथं भरलेली बंदूक नेणंसुद्धा गुन्हा होता. निजामाच्या राज्यात जंगलाचा कायदा कागदावर फार कडक. लावायचा मात्र माणूस बघून.

इथला माणूस मोठा होता. लातूरकडचे एक जागीरदार, सगळे त्यांना रावसाहेब म्हणत. त्यांच्या परवान्यावर अलीकडच्या ब्लॉकात एक नर सांबर मंजूर होतं. उन्हाळा कडक होता. अलीकडचे ओढे कोरडे पडलेले, आणि महफूजमधल्या एका डोहात तेवढं पाणी होतं. सांबर पाण्यावर येणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

त्या दिवशी फटफटताना आमचा चौकीदार सटवाजी यानं एकच बार ऐकला. आवाज डोहाकडून आला, म्हणून तो धावला. गाडीवाटेवर रावसाहेबांची मोटार सांबर लादून निघाली होती. सटवाजी सरळ मोटारीपुढं उभा राहिला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, शिव्या दिल्या. सटवाजी हलला नाही.

“परवाना आहे आमच्याकडं,” रावसाहेब म्हणाले.

“असंल मालक. पर सांबर डोहावरचं हाय. अमीनसाब येस्तवर मोटार हलायची न्हाई.”

अमीनसाब म्हणजे मी. अमीन म्हणजे आताचा रेंजर. नायगावकडच्या आमच्या भावकीत मी पहिला बी.ए. वडिलांनी जन्मभर औत हाकलं आणि मला हैदराबादेला कॉलेजात धाडलं. हे मी कुणी न विचारताही सांगत असे.

मी घोड्यावरून पोचलो, तेव्हा रावसाहेब सावलीत खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी शांतपणे सांगितलं, “सांबर माझ्या ब्लॉकात मारलं. रक्त बघा, हद्दीच्या अलीकडं आहे. तुमच्या माणसानं माझी मोटार अडवली. मी मोहतमीमसाहेबांना चिठ्ठी धाडतो आहे.”

मोहतमीम म्हणजे डीएफओ, माझे वरचे वनाधिकारी. त्यांचा तळ जवळच पडला होता. तक्रार खरी ठरली, तर सटवाजीची नोकरी जाणार होती. नोकरीबरोबर चौकीलगतची झोपडीही. ती सरकारची होती, आणि तिच्यात त्याचं सगळं घर राहत होतं.

मी स्वतः जाऊन पाहिलं. रक्ताचा पहिला डाग खरोखरच मुनाऱ्याच्या अलीकडं होता, चांगला तीस पावलं आत. पलीकडं एक थेंब नाही. मी तिथंच बसून सुंदर उर्दूत पंचनामा लिहिला. गोळी अलीकडच्या ब्लॉकात लागल्याचं दिसतं, चौकीदाराच्या म्हणण्याला पुरावा नाही. गावातून बोलावलेल्या पंचांच्या सह्या झाल्या. मी शाईची डबी सटवाजीपुढं धरली.

“अंगठा न्हाई लावत, साहेब.”

“का?”

“चुकीचं लिवलंय.”

मला राग आला. “तुम्हाला वाचता येतं?”

“न्हाई. पर तुमी कुठं बसून लिवलं, ते बघून राहिलो ना.”

पंच हसले. माझे कान तापले. मी म्हणालो, “मग तुम्ही दाखवा, कुठं लागली.”

“चला. वारं सुटायच्या आत चला.”

रक्ताच्या डागापासून तो उलटा निघाला. मी दोन पावलं मागं. त्याचं डोकं खाली आणि हात पाठीशी. वाळलेल्या पाचोळ्यात मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. तो बोटानं दाखवी, आणि मग दिसे. उलटलेलं एक पान, त्याची ओली बाजू वर. चिरलेलं मातीचं ढेकूळ. खुराच्या दोन फाका फाकलेल्या.

“हितं पळत हुतं. चालताना फाका जुळलेल्या असत्यात.”

“मग रक्त का नाही?”

“वरच्या अंगाला लागली की रगत आधी पोटात साठतंय. भाईर यायला शंभर पावलं जात्यात कधी कधी. तवर ते पळत राहतंय.”

आम्ही मुनारा ओलांडला. मी पावलं मोजत होतो, तो मोजत नव्हता. डोहाच्या काठावर येऊन तो एकदम उकिडवा बसला. तिथं चारी खूर खोल रुतले होते, जनावरानं जागेवरून उडी घेतल्यासारखे. त्याच्या शेजारी, गवताच्या मुळाशी, काळपट राठ केस पडले होते. चिमूटभर. अर्ध्यात कापल्यासारखे.

“गोळी शिरताना केस कापती, साहेब. रगत कुठं बी पडू दे. केस जिथं गोळी लागली तिथंच पडत्यात.”

मी बघत राहिलो. पहाटे घडलेली सगळी गोष्ट त्या जमिनीवर होती. मी त्याच जमिनीवरून घोडा घालून गेलो होतो.

दुपारची वावटळ उठायला लागली होती. सटवाजीनं पळसाची पानं टाचून द्रोण केला, केसांवर पालथा घातला आणि वर दगड ठेवला. मोहतमीम येईपर्यंत तो जागचा उठला नाही.

मोहतमीम शेरवानी घालणारे करडे गृहस्थ होते. सगळे त्यांना वचकून असत. ते आले, द्रोण उचलला आणि सरळ गुडघ्यावर बसले. केस तळहातावर घेतले. मग खुरांचे ठसे बघितले, मग लांबवरचा मुनारा.

“उस्ताद,” ते सटवाजीला म्हणाले, “किसने सिखाया?”

“कुणी न्हाई हुजूर. बापामागं फिरलो.”

त्यांनी सटवाजीला उस्ताद म्हटलं, ते मी माझ्या कानांनी ऐकलं. मला आजवर त्यांनी साधं ‘ठीक’ म्हटलं नव्हतं.

रावसाहेब म्हणाले, “झुंजुमुंजू होतं. हद्द कळली नसेल.”

“चुना अंधेरे में भी दिखता है, रावसाहेब.”

परवाना तिथंच जप्त झाला, आणि सांबराची शिंगं कचेरीत जमा झाली. तक्रारीचा कागद रावसाहेबांनी स्वतःहून परत मागितला.

माझा पंचनामा फाडायला मी हात पुढं केला. मोहतमीमांनी तो काढून घेतला. “फाईल में रहने दो. नीचे लिखो, रद्द. और वजह भी लिखो.” मी दुसरा पंचनामा लिहिला. पहिल्याखाली माझ्याच हस्ताक्षरात लिहिलं, की लिहिणाऱ्यानं माग तपासला नव्हता. हे उर्दूतही चांगलं दिसत नाही.

पुढं मी मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालो. नव्या रेंजरांना ट्रेनिंग देताना सांगायचो, पहिलं रक्त सापडलं की ती सुरुवात समजू नका, तिथून मागं चाला. केस सापडेपर्यंत कागद काढू नका. आणि चालताना चौकीदाराला पुढं ठेवा. ते वहीत लिहून घेत. परीक्षेला हे कधी विचारलं गेलं नाही.