वाढलेल्या बांगड्या

खैरूनबी गेल्याची बातमी मला सरजानं सांगितली. तेवढ्यासाठी ती वारंग्याहून बैलगाडीनं आली, उंबऱ्यातच बसली आणि म्हणाली, "ताई, आपली खैरूनखाला गेली." त्याला आता महिना झाला. खैरूनबी नरसीच्या आसपास खेडोपाडी बांगड्या भरत फिरायची. समाजकार्यातली माझी गुरू तीच.

मुंबईत दोन वर्षं समाजकार्य शिकून, पदविका घेऊन मी परत आले तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. ट्रंकेत छापील प्रश्नांचे तक्ते होते आणि डोक्यात हवा. अनोळखी बाईला कुणी घरात घेईना, म्हणून मी खैरूनबीबरोबर हिंडू लागले. ती बांगड्या भरायची, मी तक्ते भरायची. सरजा तेव्हा जवळच्याच एका वाडीत नांदत होती. मी विचारलं, "घरात काही तकलीफ?" ती म्हणाली, "न्हाई." मी लिहिलं, कुटुंब समाधानी. अक्षरही मोठं सुरेख आलं होतं.

वाटेत खैरूनबीनं विचारलं, "सरजाचं काय लिहिलंस गं?" मी सांगितलं, तर ती मटकन शेताच्या धुऱ्यावर बसली. "अगं, महिन्यात तिसऱ्यांदा बांगड्या भरल्या म्या तिला. दर बारीला डाव्या हाताच्याच वाढल्या."

बांगडी फुटली असं आपण म्हणत नाही, वाढली म्हणतो. पण डाव्याच हाताची काहून? खैरूनबीनं आपला डावा हात डोक्यावर आडवा धरून दाखवला, मार चुकवायला धरतात तसा. मला भयंकर लाज वाटली.

लगेच माझं शिक्षण उसळलं. सरजाच्या नवऱ्याला समजावून सांगायला मी माघारी वळले, तर खैरूनबीनं मनगट धरलं. "तू बोलून आपल्या घरी जाशील. तिला त्याच्याच घरात ऱ्हायचंय. थांब जरा. तिची भावजय माझ्याच हातच्या बांगड्या घालती." आठ दिवसांत भाऊ गाडी जुंपून आला, पंचमीला बहिणीला न्यायला म्हणून... सरजा माहेरी वारंग्याला गेली ती परत नांदायला आलीच नाही.

मुंबईच्या सरांना मी लिहिलं, विद्यार्थ्यांना सहा महिने बांगड्या भरणारीबरोबर हिंडवा. उत्तर अजून यायचं आहे. तिथल्या शाळेनं प्रश्न विचारायला तरी शिकवलं, तिला मी नावं ठेवणार नाही. पण अजूनही तक्ता काढण्याआधी मी समोरच्या बाईचा हात हातात घेऊन थोडा वेळ गप्प बसते. ही सवय खैरूनबीची. तिची फार आठवण येते.

बातमी घेऊन आली त्या दिवशी निघताना सरजानं डोळे पुसायला डावा हात वर केला. माझी नजर मनगटावर गेलेली तिनं पाहिली.

"खालानं संक्रांतीला भरल्या व्हत्या," ती म्हणाली. "अजून एकबी वाढली न्हाई, ताई."