बायांची पंगत

सावद्यात कोणाकडे लग्न निघालं की माणसं आधी रतिलालच्या दुकानात येत. दुकानावर पाटी होती, ‘रतिलाल मंडप व बिछायत’. पण आलेला माणूस रतिलालला राम राम करून, पाणी पिऊन, मागच्या दारानं सरळ घरात शिरे. लग्न कसं होणार हे घरात ठरे, आणि ते ठरवायची रतिलालची बायको कुंदाबाई. बांबू रतिलालचे, कापड रतिलालचं आणि डोकं कुंदाबाईचं, हे गावाला पक्कं ठाऊक होतं. तरीही लग्न उरकलं की लोक मांडवात उभे राहून म्हणत, ‘‘रतिलालनं काय मांडणी केली हो.’’ ती शेजारी उभी असली तरी म्हणत.

तिला राग येई. पण रागावून घरात बसणारी बाई ती नव्हती. लग्नाच्या आठ दिवस आधी ती जागा पाहायला जाई, आणि तीही भर दुपारी एक वाजता. रतिलाल म्हणे, सकाळी जा, ऊन लागेल. ती म्हणे, वऱ्हाडी सकाळी जेवणार आहेत का? डोक्यावर पदर घेऊन ती मोकळ्या जागेत उभी राही आणि लिंबाची सावली कुठपर्यंत येते, वारा कुठून येतो, भट्टीचा धूर कोणाच्या डोळ्यात जाईल, हे बघे. मग वहीत पहिली रेघ मारी ती उन्हाची. बोहलं, वाजंत्री, पाण्याच्या टाक्या, केळीचे खांब, सगळं त्या रेघेला धरून. केळीच्या मुलखात खांब फुकट मिळतात म्हणून लोक ते कुठंही रोवतात, आणि माणसांना वाट उरत नाही. कुंदाबाईच्या मांडवात घोडं वळायला जागा असे, म्हातारीला टेकायला जागा असे, रडणारं पोर घेऊन बाजूला व्हायलाही जागा असे.

फक्त एका ठिकाणी ती दर लग्नात हरायची, आणि ते ठिकाण म्हणजे बायांची पंगत.

आता याचा राग कोणाला येणार नाही? लग्नाच्या दिवशी पहाटे गावातल्या बाया लग्नघरी जमतात. परातींवर पराती कणीक तिंबतात, उकडून तळायच्या शेकडो बट्ट्या वळतात, त्यांच्या मनगटांना रग लागते. दुपारी लग्न लागतं. आधी वऱ्हाडातले पुरुष जेवतात, मग गावातले पुरुष, मग उशिरा आलेले पुरुष, मग ज्यांना पत्ते कुटताना पंगत चुकली ते पुरुष. चार वाजतात, पाच वाजतात. तोवर बट्टी दगड झालेली, वांग्याची घोटलेली भाजी बुडाला लागलेली, वरणात दोनदा पाणी पडलेलं. मग कोणीतरी ओरडतं, ‘‘चला, बायांनो, बसून घ्या पटापट.’’ पटापट, कारण मंडप सोडायचा असतो. ज्यांनी बट्ट्या वळल्या त्यांनी त्या निवलेल्या खायच्या, आणि याला म्हणायचं रीत. कुंदाबाई प्रत्येक लग्नात यजमानाला सांगे की बायांना वेळेवर बसवा. प्रत्येक यजमान म्हणे, बसवू ना. आणि प्रत्येक वेळी माणसं जास्त झाली की थांबायची पाळी बायांवरच येई.

अठ्ठ्याऐंशी सालच्या वैशाखात तोतारामभाऊंच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं. तोतारामभाऊ केळीचे मोठे बागायतदार. ते दुकानात येऊन सगळं सांगून गेले: मंडप केवढा, वाजंत्री कुठले. दुसऱ्या दिवशी त्यांची बायको मंदाबाई एकटी आली. ही बाई जास्त बोलणारी नव्हती. चहाची बशी तिनं न पिताच खाली ठेवली.

‘‘कुंदाताई,’’ ती म्हणाली, ‘‘मले दुसरं काही नही पाह्यजे. माह्या मायले गरम जेवाले भेटलं पाह्यजे.’’

मोठ्या मुलीच्या लग्नाची गोष्ट होती. मंदाबाईची आई तानुबाई, सत्तरी ओलांडलेली, तोंडात चार दात. नातीच्या लग्नाला आली आणि पाच वाजता पंगतीला बसली. बट्टी चावेना. भाजी संपलेली. म्हातारीनं पेल्यातलं पाणी द्रोणात ओतलं, बट्टी त्यात कुस्करली आणि तशीच खाल्ली. मंदाबाई वाढायला गेली तेव्हा तिनं हे पाहिलं. आणि संध्याकाळी गाडीत चढताना आई जावयाला म्हणाली, ‘‘जेवन चांगलं झालं बाप्पा.’’

‘‘तिनं नावं ठेवली असती ना, तं मले इतकं लागलं नसतं,’’ मंदाबाई म्हणाली.

कुंदाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि लगेच तिला संताप आला. तिनं वही उघडली. या वेळी तिनं मंडपाचे दोन सारखे भाग केले, मध्ये कनात, मागे बरोबर मधोमध भट्टी. एकीकडे पुरुष, एकीकडे बाया, दोन्ही पंगती एकाच वेळी. तोतारामभाऊंनी चित्र पाहिलं, मान हलवली. ‘‘चालीन,’’ म्हणाले.

दोंडाईच्याचा आचारी भटू बोलावला. वांगी कडू निघू नयेत म्हणून कुंदाबाई स्वतः बाजारात जाऊन फोड चाखून आली. सगळं नीट झालं. लग्नही वेळेवर लागलं. अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली, आणि तोतारामभाऊ घाम पुसत भट्टीकडे आले.

‘‘रतिलाल, मधली कनात काढ. वऱ्हाडाचे दोन ट्रक येनार व्हते, तीन आले. बायांच्या जागी पुरुष बसवू. बाया थांबतीन.’’

रतिलाल दोरी सोडायला निघाला. कुंदाबाई आडवी आली. ‘‘भाऊ, तिसऱ्या ट्रकमधल्या मान्सायले थांबवा. मले तुमी शब्द देला व्हता.’’

‘‘आता वऱ्हाडी उपाशी ठेवू का मी? नवऱ्याचे वडील सुपडूनाना समोर उभे हायेत. बायांले काय, घरचं मानूस हाये.’’

घरचं माणूस. हा शब्द ऐकला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरचं माणूस म्हणून पहाटे उठवायचं आणि घरचं माणूस म्हणून उपाशी ठेवायचं! तिला ओरडावंसं वाटलं. पण मांडवात वरपक्ष होता, आणि ओरडलं असतं तर मान खाली गेली असती ती मंदाबाईची. कनात निघाली. पुरुष येऊन बसले, इकडून तिकडून सगळा मंडप भरला. घराच्या दारात बाया दाटीनं उभ्या होत्या. त्यांत मंदाबाई होती, आणि तिच्या खांद्याला धरून तानुबाई. मंदाबाईनं कुंदाबाईकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ते कुंदाबाईला सहन झालं नाही.

तिनं भरलेल्या मंडपाकडे पुन्हा एकदा पाहिलं. वऱ्हाडातला झाडून सगळा पुरुष इथं बसला होता. मग वऱ्हाडाच्या जानोशात कोण उरलं? वऱ्हाड उतरवलं होतं ती मराठी शाळा भट्टीच्या मागच्या बोळापलीकडेच होती. तिथल्या व्हरांड्यात सावली होती, सतरंज्या तिनंच घातल्या होत्या, पाण्याचे माठ तिनंच भरवले होते.

‘‘भटूभाऊ, पहिला घाना तळला?’’

‘‘बठ्ठं तयार शे, अक्का.’’

‘‘शाळेत धाडा.’’

भटूनं झारा खाली ठेवला. मंडपाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. त्याचीही बायको कुठल्या तरी लग्नात पाचला जेवत असेलच. ‘‘तुमी सांगशात तसं,’’ म्हणाला, आणि बट्ट्यांच्या टोपल्या, वरणाचं पातेलं, वांग्याची भाजी, तुपाचा डबा, सगळं बांबू आणायच्या हातगाडीवर चढलं. वाढपी म्हणून तिनं मंडप ठोकणारे चार गडी घेतले आणि त्यांचे हात साबणानं धुववले. तुपाची वाढणी रतिलालच्या हातात दिली.

‘‘माह्या धंद्याचं काय होईन?’’ रतिलाल कुजबुजला.

‘‘पाटी तुमची हाये, तं तूप तुमीच वाढा.’’

मंडपात तिनं आधी पत्रावळी मांडायला सांगितल्या. मग सावकाश पाणी. मग मीठ. मग लिंबाची फोड. आणि ती स्वतः मागच्या दारानं सगळ्या बायांना घेऊन शाळेत गेली. वऱ्हाडातल्या बायाही तिथंच टेकल्या होत्या. पंगत मांडलेली पाहून त्या उभ्याच राहिल्या. बसायला कोणी तयार होईना, आणि हे तर कुंदाबाईच्या मनातच आलं नव्हतं. पुरुषांना तोंड द्यायची तयारी तिनं ठेवली होती, पण ज्यांच्यासाठी एवढा उद्योग केला त्या बायाच भिंतीला टेकून म्हणाल्या, ‘‘पुरुषायच्या आंधी? लोक काय म्हनतीन?’’

मुलीकडच्या बाया वरपक्षाच्या आधी बसणार नाहीत, आणि वरपक्षाच्या बाया पुरुषांच्या आधी. तानुबाईसुद्धा ‘‘नको व माय’’ म्हणून मागे सरली. कुंदाबाईचा संयम सुटत आला. पत्रावळीवर बट्ट्या पडल्या होत्या, वाफ निघत होती, आणि ती वाफ विरत चालली होती. ती नवऱ्या मुलाच्या आजीकडे, सुपडूनानांची आई भिकुबाई हिच्याकडे गेली.

‘‘अक्का, तुमी बसल्याबिगर या तानुअक्का बसत नहीत. मांगच्या लग्नात यायनी पान्यात बट्टी कुस्करून खाल्ली. आज भी तसंच खाऊ देऊ का?’’

भिकुबाईनं तानुबाईकडे पाहिलं. दोघी एकाच वयाच्या. काहीतरी तिला उमगलं असावं. अशा पंगती तिनंही आयुष्यभर पाहिल्या होत्या. ती लुगडं सावरून खाली बसली आणि शेजारच्या सतरंजीवर हात आपटला.

‘‘बस व तानू. निवून जाईन.’’

तानुबाई बसली. मग सगळ्याच बसल्या. रतिलाल तूप वाढत निघाला. पहिल्या पत्रावळीवर त्यानं जेमतेम चमचाभर तूप सोडलं, दहाव्या पत्रावळीला तो आग्रह करू लागला. तानुबाईनं बट्टी नुसत्या बोटांनी फोडली, ती लोण्यासारखी फुटली. मंदाबाई वाढायला उठत होती. कुंदाबाईनं तिला दंड धरून खाली बसवलं.

पाऊण तासानं सुपडूनाना भट्टीवर आले. फेटा सैल झालेला, चेहरा तापलेला. मागे तोतारामभाऊ हात जोडून.

‘‘मीठ अन् लिंबू चाटाले बसवलं का आमाले? बट्ट्या कुठी गेल्या?’’

‘‘पहिला घाना शाळेत गेला, नाना. दुसरा निघूच राह्यला.’’

‘‘शाळेत कोन हाये?’’

‘‘तुमच्या माय बसल्या जेवाले. त्यायले उठवू का?’’

मानपान, रुसवा, अपमान, सगळे शब्द सुपडूनानांकडे तयार होते. पण स्वतःच्या आईला ताटावरून उठवा, असं म्हणायचं कसं? त्यांनी सैल फेटा आवळला. मग परत गेले आणि आपल्या जागेवर बसले. लोकांना म्हणाले, येऊ राह्यलं, धीर धरा. आणि गरम बट्टी त्यांनाही मिळाली. एकही पुरुष त्या दिवशी उपाशी राहिला नाही. फक्त थांबले, आयुष्यात एकदा.

पण याची चर्चा अशी झाली, जणू कुंदाबाईनं लग्नच मोडलं. तोतारामभाऊ तिच्याशी बोलेनासे झाले. त्या उन्हाळ्यात ठरलेली दोन लग्नं दुसऱ्या मंडपवाल्याकडे गेली. चावडीवर रतिलालला लोक विचारत, तुझ्या घरात चालतं कोणाचं? बायांना वेळेवर जेवू घातलं, एवढाच गुन्हा! तीन ट्रक आणणाऱ्याला कोणी एका शब्दानं विचारलं नाही.

हे सगळं पुढचं. त्या दिवशी संध्याकाळी तानुबाई गाडीत बसायला निघाली. मंदाबाई तिला धरून आणत होती, तोतारामभाऊ अवघडून बाजूला उभे होते. कुंदाबाई सतरंज्या झटकत होती, ती थांबली. तानुबाई तिच्याजवळ आली, तोंड वाकडं केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, ‘‘वरनात मीठ कमी व्हतं व माय.’’

मंदाबाई चपापली, आणि मग तिला इतकं हसू आलं की पदर तोंडात धरावा लागला. कुंदाबाई तरातरा भट्टीवर गेली. भटू कढई घासत होता.

‘‘भटूभाऊ, वरनात मीठ कमी पडलं.’’

‘‘मी तं बराबर टाकेल व्हतं, अक्का. पुरुषेसनी कोणीच काही सांगं नही.’’

‘‘तानुअक्कायले कमी लागलं,’’ कुंदाबाई म्हणाली. ‘‘म्हंजे कमी व्हतं.’’

पुढं कितीतरी वर्षं कोणी तोतारामभाऊंच्या घरचं ते लग्न काढलं, ट्रकांबद्दल, सुपडूनानांबद्दल बोलायला लागलं, की कुंदाबाई मध्येच तोडून सांगे, ‘‘जेवन बरं झालं. फक्त वरनात मीठ कमी व्हतं. तानुअक्का सोता म्हने.’’