येळवशीच्या दिवशी भूक पाहायला आलेले पुढारी

अन्याय झाला तो माझ्या चुलतीवर. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरच्या दुसऱ्या वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्याकडच्या येळवशीला, भर दुपारी, तिच्याच रानात, तिच्याच हातचं जेवून ढेकर देणाऱ्या माणसांकडून. हे आधीच लिहून ठेवतो, नाहीतर वाचणारा शेवटी म्हणेल, काय करणार, परिस्थिती. परिस्थितीनं काही केलेलं नाही. माणसांनी केलं.

मी तेव्हा उस्मानाबादेत एका संस्थेत होतो. जगातली भूक हटवायची, आणि तीही जमिनीला खंगू न देता, असा संस्थेचा उद्देश. पत्रकं लिहायची, छापखान्यातून आणायची आणि बाजारादिवशी वाटायची, हे माझं काम. कार्यक्रम चांगला होता. उताराला आडव्या ताली घालायच्या, म्हणजे दगडमातीचे बांध, की पावसात माती वाहून जाऊ नये. शेणखत कुजवून टाकायचं. बाजरीत तूर मिसळून पेरायची. आणि ज्याच्या घरी बियाणं नाही त्याला मृगाच्या आधी ते घरपोच द्यायचं. मी त्यातल्या एकाही गोष्टीला आजसुद्धा वाईट म्हणणार नाही.

आमचं गाव लोहाऱ्याच्या वाटेवर. चुलता वारलेला, मूलबाळ नाही, चुलती एकटी. तिचं रान माळाच्या उतरणीला, हलकं, वीतभर खणलं की मुरूम लागायचा. दिवाळीच्या सुमारास संस्थेचे अध्यक्षसाहेब आमच्या मारुतीच्या पारावर बोलले. जगाच्या पाठीवर कुठं कुठं माणसं उपाशी निजतात ते त्यांनी सांगितलं, आणि म्हणाले, "या गावापासून सुरुवात. उन्हाळ्यात ताली घालू, मृगाआधी बियाणं देऊ. त्याआधी आमचं मंडळ एकदा पाहणी करून जाईल, एवढंच."

चुलती बायकांच्या मागं बसली होती. सभा उठल्यावर तिनं मला गाठलं.

"खरंच देत्याल का रं?"

"चारचौघांत बोललेत, काकी."

"मग झालं," ती म्हणाली.

पाहणीचा दिवस ठरवला चिटणीसबाईंनी. त्या पुण्याच्या. त्यांनी कॅलेंडरात अमावस्या पाहिली. अमावस्येला शेतकरी औत धरत नाही, म्हणजे सगळे मोकळे सापडतील, असा त्यांचा विचार.

मी म्हणालो, "बाई, त्या दिवशी येळवस आहे. दुसरा दिवस घ्या."

"येळवस म्हणजे? सुतकबितक असतं का?"

"नाही, सण असतो."

"मग चांगलंच आहे की. लोक हसतमुख भेटतील."

हसतमुखच भेटले. येळवशीला आमच्याकडं गाव ओस पडतं आणि रानं भरतात. कडब्याच्या पेंढ्यांची खोप करायची, आत पाच दगडांना चुना लावून ते पूजायचे, आंबिलाची घागर ठेवायची, उभ्या पिकाला नैवेद्य शिंपडायचा. मग जेवण. बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे, सगळ्या शेंगाभाज्यांची मिळून केलेली भज्जी, गव्हाची खीर. आणि वाटेनं जाईल त्याला हाका मारून बसवायचं. ओळखीचा असो नसो, हिंदू असो मुसलमान असो, येळवशीला कुणी कुणाच्या रानातून न जेवता गेलेलं मी पाहिलेलं नाही. घरात काय आहे नि काय नाही, ते त्या दिवशी कुणी बघत नाही.

संस्थेची जीप आली. मी आदल्या दिवशीच गावी आलो होतो, वाट दाखवायला तिच्यात बसलो. शिवेलाच पहिल्या रानानं अडवली. जेवले. दुसऱ्या रानात नको नको म्हणत जेवले. तिसऱ्या रानात एक म्हातारे आडवे झाले, "आमचं काय इख हाय व्हय सायेब?" तिथंही टेकले. भूक पाहायला निघालेल्या मंडळाला कुणी उपाशी राहूच देईना. अध्यक्षसाहेबांनी कोटाची बटणं सोडली.

चुलतीच्या रानात येईपर्यंत ऊन कललं नव्हतं. तिची ज्वारी गुडघ्याच्या वर गेलेली नव्हती. पण खोप होती, दगडांना चुना होता, आणि पत्रावळीवर उंडे होते. ते उंडे कशाचे होते हे मला ठाऊक होतं. राखेत कालवून, लिंबाचा पाला घालून मडक्यात ठेवलेली पेरणीची बाजरी तिनं आदल्या दिवशी पाखडून, धुऊन, वाळवून दळली होती. दुसरी बाजरी घरात नव्हती. आणि बियाणं तर संस्था देणारच होती.

चिटणीसबाई मायेनं विचारणाऱ्या होत्या, तेवढं मी कबूल करतो. आंबील पिता पिता त्या म्हणाल्या, "मावशी, संकोच करू नका. वर्षाकाठी धान्य पुरतं का? काही कमी पडतं का?"

चुलती पदर सावरत म्हणाली, "काय बी कमी न्हाय बाई. लई हाय. घ्या, अजून एक उंडा घ्या."

मी मधे बोललो, "बाई, हे आज विचारू नका."

अध्यक्षसाहेब हसले. "तुझ्या पत्रकातलं गाव वेगळं नि हे गाव वेगळं दिसतं रे! आम्हाला वाटलं, इथं पानात कोंडा मिळेल."

सगळे हसले. चुलतीही हसली, पाहुणे हसले म्हणून.

पुढच्या बैठकीत आमचं गाव वगळलं. मी उभा राहून सांगितलं, की येळवशीला सगळेच वाढतात.

"आहे म्हणून वाढतात ना?" अध्यक्षसाहेब म्हणाले. "मी स्वतः जेवलोय."

"ते बियाणं होतं, साहेब. तुमच्या शब्दावर दळलेलं."

चिटणीसबाई म्हणाल्या, "त्या स्वतःच्या तोंडानं म्हणाल्या, काही कमी नाही. गरिबाच्या शब्दावर अविश्वास दाखवायचा का आपण? हे आपल्या तत्त्वात बसतं?"

ताली आणि बियाणं दुसऱ्या तालुक्यातल्या गावाला गेलं. तिथंही गरज होती, नाही असं नाही. मग चहा आला. मी चहा प्यायलो. मला संताप यायला हवा होता. पत्रकात मी फार लवकर संतापत असे. तिथं कपबशीचा आवाज ऐकत बसलो.

सांगायला गावी गेलो तेव्हा चुलती गोवऱ्या थापत होती.

"येणार न्हायती व्हय?" ती म्हणाली. "बरं." आणि पुढची गोवरी थापली.

"काकी, तुम्ही त्या दिवशी खरं का नाही सांगितलं?"

"येळवशीला? रानात हुबं ऱ्हाऊन रडगाणं गाऊ? पिकाच्या कानावर गेलं असतं म्हंजी?" तिनं हात झटकले. "त्या बाईला येवढं बी कळंना व्हय रं? पावण्याचा हात पानात आसताना कुणी म्हणंल का, घरात दाणा न्हाय म्हणून? जेवलास का तू?"

तिच्या त्या बुटक्या ज्वारीचं जे काही झालं ते खाण्यात गेलं. पेरण्यासारखं घरात काही उरलं नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ओंजळ ओंजळ दिलं असतं, पण ती मागायला गेली नाही. मृग चांगला लागला. मी बांधावर छत्री घेऊन उभा होतो. तिच्या न पेरलेल्या रानातून तांबूस पाणी खाली ओढ्याकडं जात होतं. पीक नव्हतं, ताल नव्हती, त्याला अडवायला काहीच नव्हतं. मी बराच वेळ पाहिलं. थांबत नाही असं दिसल्यावर घरी आलो.

चुलती सडकेच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. अजून जाते. तिथं मुकादम तिला म्हातारे म्हणून हाक मारतो. रानात मुरूम उघडा पडलाय, वरच्या अंगाला थोडी माती शिल्लक आहे. येत्या पावसाळ्यात तीही जाईल.

तुम्ही शहरात राहता. अशा एखाद्या संस्थेच्या सभेला तुम्ही जाता, पुढाऱ्यांच्या भाषणाला टाळ्या वाजवता. तर आता एक करा. त्यांतल्या एका पुढाऱ्याला गाठा. चैत्रात, भर उन्हात, गावाला न कळवता, त्याला माझ्या चुलतीच्या माळावर घेऊन या. तिला काही विचारू देऊ नका. जेवायला बसू देऊ नका. त्याच्या हातात कुदळ द्या, दुसरी तुम्ही घ्या, आणि मृगाच्या आधी ती ताल घालून द्या.