कोरडी घडी

आमच्या घरी जुन्या लुगड्याच्या घड्या आई, ताई आणि मी अशा तिघींत पुरवायच्या असत. पाळीच्या दिवसांत त्याच धुऊन पुन्हा वापरायच्या. वाळत घालायच्या त्याही परकराखाली लपवून, म्हणून त्या कधी नीट वाळायच्या नाहीत. एखादी कोरडी निघाली की ताई ती माझ्या हातात द्यायची. "घे, तुला शाळा आहे. मी काय, घरीच." ती घरी असायची, कारण ओली घडी घेऊन तिला वर्गात बसवत नसे.

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. हे मी ताठ मानेनं सांगते.

कॉलेजच्या मैत्रिणींनी आणि मी वर्गणी काढून ताईच्या वस्तीतल्या मुलींना धुऊन वापरायचे कापडी पॅड दिले. काल ताईकडे गेले, तर भाचीचे पॅड अंगणातल्या दोरीवर उघडे वाळत होते. वर साधा पंचासुद्धा नव्हता.

"आत बसा की पदवीधरबाई. उन्हात काय बघताय?" ताई दारातून म्हणाली.

"वाळलेत का बघते."

ताईनं एक काढून गालाला लावला. "कडकडीत वाळलाय," म्हणाली. मग बराच वेळ तो तसाच धरून राहिली.

"ऊन तेव्हाही एवढंच होतं गं," ती म्हणाली.

भाचीची यंदा एकदाही शाळा बुडाली नाही.