वहीतला 'हजर'चा रकाना

शकूरभाई गेल्याचा फोन आला तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. घरात आम्ही तिघं होतो: मी, बायको सुनंदा आणि तेरा वर्षांचा टिल्लू, आमचा कुत्रा. टिल्लू अजून आहे तो शकूरभाईंमुळे.

अहमदपुरात ते आमच्या समोर राहत. जनावरांच्या दवाखान्यातून कंपाउंडर म्हणून निवृत्त झालेले. दोन वर्षांपूर्वी टिल्लूला पहिली फिट आली. पाय ताठ, तोंडाला फेस. मी गणिताचा मास्तर, पण माणसाला फिट आल्यावर आमच्याकडे करतात तेच केलं. कांदा फोडून त्याच्या नाकाशी धरला. दात लागून बोट फाटलं. सुनंदाची किंकाळी ऐकून शकूरभाई अनवाणी धावत आले.

"सर, कांदा भाजीत घाला की! हात काढा तोंडापासून. जीभ गिळत न्हाई तो. घड्याळ बघा, घड्याळ."

त्यांनी टीव्ही, पंखा बंद केला, टेबल सरकवलं आणि मांडी घालून बसले. त्याला धरलं नाही, पाणी पाजू दिलं नाही. मला वाटलं पंधरा मिनिटं झाली... घड्याळात एक मिनिट चाळीस सेकंद. नंतर टिल्लू भिंतींना धडकत फिरला, आम्हाला ओळखेना. शकूरभाई जागचे हलले नाहीत. "घरातच हाय तू, बेटा," एवढंच पुटपुटत होते. वीस मिनिटांनी शेपूट हलली. काहीही न करता इतकं हजर राहणं मी दुसऱ्या कुणात पाहिलेलं नाही.

मेव्हणे म्हणाले, "म्हातारं कुत्रं, इंजेक्शन देऊन मोकळे व्हा."

"आधी वही करा," शकूरभाई म्हणाले. "किती वेळ, किती दिवसांनी, कोण हजर होतं, समदं लिहा. पाच मिनिटांच्या वर गेली, नाहीतर एका दिवसात दुसरी आली, तर गाडी काढा. मारायचं का, ते डॉक्टर वही बघून सांगंल."

लातूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, वही वाचली आणि गोळी दिली. एकही वेळ चुकवू नका, मनानं बंद करू नका, असं बजावलं. महिन्याला चार फिट यायच्या, त्या तीन महिन्यांतून एकीवर आल्या. प्रत्येक नोंदीत 'हजर'खाली शकूरभाई आहेत.

परवा, ते गेल्यानंतर पहिल्यांदाच, फिट आली. सुनंदानं पंखा बंद केला. मी मांडी घातली. दोन मिनिटं पाच सेकंद. मग वहीत लिहिलं, हजर: मी, सुनंदा, शकूरभाई.

चुकीची नोंद दिसली की मी खोडतो, तीस वर्षांची सवय आहे. ही तशीच ठेवली आहे.