वैशालीच्या हातातलं हॉर्मोन

आमच्या तळेगावच्या लॅबमध्ये कॅन्सरच्या पेशी वाढतात आणि किस्से त्याहून जोरात. पेशी निदान फेकून तरी देता येतात!

गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरच्या पेशी वाढवायच्या, अर्ध्यांना स्त्री-हॉर्मोन द्यायचं, अर्ध्यांना नाही आणि कुठल्या जास्त वाढतात ते मोजायचं. हे काम वैशालीचं. दोनदा फसलं. हॉर्मोनशिवायच्या पेशीही तितक्याच माजल्या! "तिसऱ्यांदा फसलं तर तुझं कॉन्ट्रॅक्ट संपलं," सरांनी सांगून टाकलं.

*

एका गुरुवारी एमआयडीसीची लाईट गेली, जनरेटर सुरू होईना. आतल्या पेशींची ऊब जाऊ नये म्हणून वैशाली इन्क्युबेटरच्या दाराला पाठ लावून उभी.

"जरा उघडून टेंपरेचर बघू का गं?" मी म्हटलं.

"हात लावून तर बघ!"

पाऊण तास हलली नाही. डबासुद्धा खाल्ला नाही बाईनं.

*

झाडलोट करणारे भिकूमामा इथल्याच गावचे. एकदा मला म्हणाले, "पोरी, ह्या पेशी जित्या हायत व्हय? कुनाच्या?"

"एका बाईच्या."

"कुठं ऱ्हाती ती?"

"ती वारली मामा, कधीच."

तेव्हापासून मामा इन्क्युबेटरला आधी नमस्कार करतात, मग फडकं मारतात. आम्ही कुणी हसत नाही.

*

मीटिंगमध्ये सर भडकले. "पेशींच्या खाद्यात घालतो त्या सीरममधलं हॉर्मोन काढून टाकलंय, मग येतं कुठून? तुझ्या हातातून?"

वैशाली पांढरीफटक! मला सरांचा असा राग आला! त्यानंतर ती हात घासून घासून सोलून घ्यायची, वर दोन-दोन ग्लोव्ह्ज.

*

चोर निघाला भलताच. पेशींच्या खाद्यात गुलाबी रंग असतो ना, तोच थोडाफार हॉर्मोनसारखा वागतो! वैशालीनंच शोधून काढलं. बिनरंगाचं खाद्य यायला दोन महिने गेले. मग तिसरी फेरी लावली, पाच दिवसांची.

*

मोजणी झाली. हॉर्मोनवाल्या पेशी भरभरून, बाकीच्या निम्म्याच. सर खूश! "वैशाली, कॉन्ट्रॅक्ट वर्षभर वाढवतो. फक्त मोठी सुट्टी मागायची नाही हं!"

वैशाली रडायलाच लागली.

"अगं, आता काय झालं?" सर गडबडले.

"सर, तुम्ही हाताचं बोललात ते मला खरंच वाटलं. मी घरी गर्भनिरोधक गोळ्या घ्यायचे. त्यातही हॉर्मोनच की! त्याच दिवशी बंद केल्या."

"अरेच्चा! मग?"

"मग काय सर... उद्या सोनोग्राफी आहे."