हुतूतूचा पंच

आमचं घर ख्रिस्ती आहे हे गावाला पहिल्याच दिवशी कळलं. म्हणजे नेमकं काय, हे मात्र हुतूतूच्या मैदानावर ठरलं.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आगेमागची ही गोष्ट. पपा मूळचे नगरकडचे. बेलापूरपट्टीतल्या एका खाडीकाठच्या गावात त्यांना शाळामास्तरची नोकरी लागली. नवी मुंबई हा शब्दही तेव्हा कुणी ऐकला नव्हता. एकीकडे भातशेती, दुसरीकडे मिठागरं, आणि मध्ये आमचं गाव, जिथे मासळी आणि भांडणं यांची कधीच टंचाई नव्हती. ख्रिस्ती घर एकच, आमचं. रविवारी आम्ही ओटीवर गीतं म्हणायचो आणि निम्मं गाव कुंपणापाशी फुकटात ऐकायला जमायचं. मला तो थाट फार आवडायचा.

होळी झाली की पलीकडच्या गावाशी हुतूतूचा सामना व्हायचा आणि दरवर्षी पंचावरून हाणामारी. शेवटी पाटील आमच्याकडे आले.

"मास्तर, तुमी पंच व्हा. तुमी ना आमचं, ना त्यांचं. आन् तुमचे धर्मान खोटा चालत नाय म्हनं."

त्यांचं 'ना आमचं' मला चांगलंच झोंबलं. धर्माचं ऐकून आई मात्र आत जाऊन पोट धरून हसली, कारण सापशिडीत पपा आम्हा पोरांना सर्रास फसवायचे.

सामना अटीतटीचा झाला. शेवटची चढाई शेजारच्या दादाची होती. हा दादा होडी घेऊन खाडीत जायचा आणि परतताना मूठभर कोळंबी आमच्या ओटीवर ठेवल्याशिवाय घरी जायचा नाही. त्याने दोघांना शिवलं, झेप घेतली आणि मधल्या रेघेला हात लावला. गाव नाचायला लागलं. मीही नाचले. तेवढ्यात शिट्टी वाजली.

"दम तुटला. बाद," पपा म्हणाले.

ते एकटेच त्याच्या जवळ उभे होते. दादा ओरडला, "नाय तुटला!" पपा पुन्हा म्हणाले, "तुटला." आम्ही हरलो.

घरी येताना आमच्याशी कुणी बोललं नाही. मी मात्र पपांना सोडलं नाही.

"एवढं एकदा ऐकू आलं नसतं तर काय बिघडलं असतं?"

"मलाही तसंच वाटलं गं. शिट्टी तोंडात धरून क्षणभर थांबलो होतो."

"मग वाजवली कशाला?"

"दम तुटला होता ना."

पुढे आयुष्यात खरा ख्रिस्ती कोण यावर मी पुष्कळ प्रवचनं ऐकली. त्यांतलं एकही इतकं आखूड नव्हतं.

कोळंबी बंद झाली. रविवारी कुंपण ओस पडलं. आई वरणाला फोडणी देता देता म्हणाली, "दुसरं गाव बघायचं का?" पुढच्या रविवारी पपा नेहमीपेक्षा मोठ्याने आणि नेहमीपेक्षा बेसूर गायले. मला त्यांची फार कीव आली आणि त्याहून जास्त राग आला.

त्या गाण्याच्या मध्येच दादा कुंपण ओलांडून अंगणात आला. मागोमाग पाटील, आणि त्यांच्यामागे बघ्यांची फौज.

"मास्तर, दम तुटलेला," दादा म्हणाला. "मना ठावं होता. समद्यांनी तुमाला खोटा ठरवला न मी गप बसलो. आता पाटलांना सांगून आलो."

आता पपा क्षमेवर काहीतरी गंभीर बोलणार, असं मला वाटलं. त्यांनी त्याला ओटीवर बसवलं आणि म्हणाले, "तुझा दम कमीच पडतो. आता आम्ही म्हणत होतो त्या चालीचं एक कडवं एका दमात म्हण बघू. शब्द तुला हवे ते घाल."

दादाला शब्द एकच येत होता. त्याने ती संथ, भक्तीची चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत 'हुतूतू, हुतूतू' करत म्हटली. शेवटच्या ओळीला त्याचा चेहरा जांभळा पडला. आईने पदर तोंडात कोंबला. पाटील ओटीच्या कडेला बसून डोळे पुसत हसत होते, आणि पपा हाताने ताल धरून "अजून, अजून" करत होते. देवाला त्या दिवशीची उपासना नक्की आवडली असणार, असं मला आजही वाटतं.

मग वर्षभर दर रविवारी दादाचं एक कडवं ठरलेलं. कुंपणापाशी आता उभं राहायला जागा मिळेना.

पुढच्या होळीनंतर पलीकडच्या गावचे लोक मैदानावर आले. पाटील पुढे झाले.

"आदीच सांगतो," ते म्हणाले, "पंच आमचे गावचा हाय. नंतर कटकट नको."

आईने माझा हात इतका घट्ट धरला की मला तिची बांगडी रुतली. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. तिच्यासारखीच मीही रडले असते.

समोरचा म्हातारा तंबाखू चोळत म्हणाला, "तुमचे गावचा हाय म्हनून त आलो."